दारातली हरळी

आदिलाबादच्या घरासमोर मी हौसेनं हरळीचं लॉन लावलं होतं. दिवाळीनंतर आई बोथजवळच्या आमच्या गावाहून राहायला आली. जन्मभर कपाशीतली हरळी उपटत आलेली बाई! दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तर फाटकाजवळचा मोठा तुकडा खणलेला आणि आई खुरपं घेऊन पुढं सरकतेय.

"दारात एवढी हरळी माजली, तुले लाज नाही वाटत?"

"आई, ती मी लावलीय!" मी ओरडलोच.

"लावली? हरळी?" तिनं खुरपं खाली ठेवलं आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली. मी मात्र दिवसभर धुसफुसत होतो.

मे महिन्यात कामासाठी मी आठवडाभर हैदराबादला होतो. परतलो तेव्हा गल्लीतलं गवत करपून गेलेलं, आमचं तेवढं हिरवं. खणलेला तुकडाही भरून आला होता. आई कपडे धुतलेलं पाणी बादलीनं त्यावर शिंपडत होती.

"आता काऊन पाणी टाकून राह्यली?" मी तिला चिडवलं.

"जनमभर उपटली, तरी माह्या हातानं मेली नाही," आई म्हणाली. "आता उन्हानं मरू देऊ काय तिले?"