मागच्या लिफ्टमधले कविराज

माणसामाणसांत काही फरक नसतो, असं बोलणारे पुष्कळ भेटतात. पण ते रोज सकाळी लिफ्टमध्ये करून दाखवणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधले आमचे समोरचे शेजारी. मूळचे तेलंगणातले, पेशाने इंजिनियर, स्वभावाने कवी. आमच्या इमारतीत रहिवाशांसाठी आरसे लावलेल्या गुळगुळीत लिफ्ट आहेत आणि सामानासाठी, सफाईवाल्यांसाठी मागे एक खडखडती. कविराज टाय लावून त्या मागच्या लिफ्टमध्ये बादल्यांच्या मधोमध उभे राहायचे आणि जेवणाच्या स्टीलच्या डब्यावर ठेका धरून स्वतः रचलेली तेलुगू गाणी म्हणायचे. गाण्यांत गवंडी, परीट, चांभार, आणि अधूनमधून देवालाच झापलेलं. "आगे वाली लिफ्ट में लोग मोबाइल देखते हैं," ते मला म्हणाले, "यहाँ लोग सुनते हैं."

एकदा सुरू झाले की त्यांना "खलास, आता पुरे" म्हणायची कुणाची टाप नव्हती. साखर मागायला यायचे आणि दारातच समतेवर असे घसरायचे की आत बायकोचं दूध उतू जायचं. "बाबा, अंकल इज सो लाउड," म्हणत मुलगी कानांत हेडफोन घालायची. एका ईदला त्यांनी बिर्याणीचं पातेलं थेट मागच्या लिफ्टमध्ये मांडलं आणि वर-खाली करत दुपारभर प्रत्येक मजल्यावर वाढलं. मीही तिथेच उभ्याने जेवलो, घामाघूम झालो, आणि काय सांगू, तशी बिर्याणी पुन्हा खाल्ली नाही.

ते निवृत्त होऊन गावी परतणार, म्हणून मी तळमजल्याच्या हॉलमध्ये त्यांच्या गाण्याचा कार्यक्रम ठेवला. कविराज आले ते मागच्या लिफ्टमधले सगळे श्रोते घेऊन, गणवेशासकट. सर्वांत पुढे आमच्या मजल्याचा सफाईवाला सदाशिव, संगमेश्वरचा. मॅनेजरने दारात हात आडवा घातला. "सर, हॉल ओन्ली फॉर रेसिडेंट्स." मी काही बोलायच्या आत कविराज हसले, "यल्ला, चलो," म्हणाले आणि सगळ्यांना घेऊन मागच्या लिफ्टमध्ये शिरले. आम्ही हॉलमध्ये एकमेकांची तोंडं बघत बसलो. भिंतीपलीकडून डब्याचा ठेका ऐकू यायला लागला. मग बायको उठली, "मी चालले तिकडे," म्हणाली, आणि तिच्यामागे हळूहळू सगळा हॉल उठला. लिफ्टचं दार मिटू नये म्हणून बादली लावलेली. आत इस्त्रीचे सदरे आणि गणवेश खांद्याला खांदा लावून उभे, बाकीचे बाहेर बोळात. कुणी नवीन आलं की कविराज गाणं थांबवून म्हणायचे, "जरा सरका, जागा आहे." त्यांना येणारं हे एकुलतं एक मराठी वाक्य, सदाशिवकडून शिकलेलं.

आता समोर एक तरुण जोडपं राहतं. फार सभ्य, फार शांत. मला ती शांतता सोसत नाही. परवा ऑफिसला निघताना मी मुद्दाम मागच्या लिफ्टमध्ये शिरलो. आत सदाशिव आणि आणखी दोघे होते. मला बघताच तिघांनी बादल्या पायाशी ओढल्या आणि भिंतीला चिकटून उभे राहिले. कविराजांसाठी ही माणसं कधी भिंतीला चिकटली नव्हती. थोडं खाली गेल्यावर सदाशिवने अदबीने विचारलं, "साहेब, पुढच्या लिफ्ट बंद पडल्यात काय?"

"नाही, चालू आहेत," मी म्हटलं. हातातल्या डब्यावर ठेका धरावा असं फार वाटलं, पण मला ठेका येत नाही.