डाव्या हातानं

माझे मिस्टर गेल्या साली शाळेतून रिटायर झाले आणि पाठोपाठ त्यांना हार्टचा झटका आला. डॉक्टरांनी बजावलं, गोळ्या घ्याच, पण रोज चाला. चालणं सोडलं तर दुसऱ्या झटक्याला मी जबाबदार नाही. बोलायला काय जातं! चालायचं कुठून?

आमच्या गावचा रस्ता नुकताच सिमेंटचा झाला. आधी कडेला निंबाची सावली होती, सावलीत पायवाट होती. मोजणीला आलेल्या साहेबांना मी विचारलं होतं, "पायी चालनाऱ्यानं कुठून चालावं?" ते हसले. म्हणाले, "काकू, आता पायी कोण चालतं?" निंब गेले, पायवाटही गेली. आता सिमेंटची उंच कड आणि खाली नाली.

त्यात यांना ऐकू कमी येतं. मशीन लावायचं तर कानात शिट्टी वाजते म्हणे. आणि जन्मभर पोरांना शिकवलेला नियम अंगात भिनलेला: रस्त्याच्या डाव्या बाजूनं चाला. म्हणजे गाड्या पाठीमागून. मी यांच्या मागे चालायची, सारखी मान वळवत. हॉर्न वाजला की यांना हाक मारायची.

"अवो, त्या बाजूनं चाला, गाडी दिसते तरी."

"काहून भेऊन राह्यली एवढी? नियम हाय तो."

त्या सकाळी डाव्या कडेला कोणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं. इथं सगळेच घालतात, इतकं सपाट खळं दुसरं कुठं मिळणार? धान्याला पाय लागू नये म्हणून हे सरळ रस्त्याच्या मधोमध गेले. मागून महागावला निघालेला कापसाचा ट्रक आला, दोन्ही अंगांनी फुगलेला. हॉर्नवर हॉर्न, आणि हे आपल्याच नादात. मी धावले, यांना सदरा धरून ओढलं आणि आम्ही दोघंही सोयाबीनवर आडवे झालो. ट्रकचा वारा तोंडाला लागला.

उठल्यावर यांनी आधी काय करावं? सोयाबीनला शिवून हात कपाळाला लावला. मला असा राग आला की रडूच कोसळलं.

आता आम्ही उजवीकडून चालतो. सदरा मी सोडत नाही. भीती मात्र गेली नाही, उलट यांनाही लागली. काल पलीकडच्या कडेनं पोरी शाळेत निघाल्या होत्या, पाठीला दप्तरं, पाठ ट्रकांकडे. हे जागीच थांबले. मग पलीकडे झुकले, माझ्या मुठीतला सदरा ताणला गेला.

"पोरींनो, इकडून चाला! उजव्या हातानं!" हे जिवाच्या आकांतानं ओरडले.

पोरी खुदकन हसल्या. "सर, तुमीच तं डाव्या हातानं चाला म्हनत होते!" आणि तशाच पुढे चालत राहिल्या.

"काय म्हनल्या वं त्या?" यांनी मला विचारलं.

"चला," म्हणत मी सदरा ओढला.