बांधाजवळच्या मडक्याचा शेंदूर

आमच्या काकांचं शेत आष्टीच्या शिवारात, पांढरीला लागून. पांढरी म्हणजे केव्हाच उठून गेलेल्या जुन्या गावाची जागा. माती राखट, आणि नांगराच्या तासागणिक खापरं वर येतात. लहानपणी आम्ही त्यांच्या ठिकऱ्या करून खेळलो. पुढं जालन्याला कॉलेजात गेल्यावर पाहिलं, तर इतिहासाचे सर तीच खापरं कापसात गुंडाळून ठेवत होते.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. काका पाइपलाइनसाठी चारी खणत होते आणि रविवार म्हणून मीही तिथं होतो, सल्ले द्यायला. कमरेइतक्या खोलीवर एक लहानसं मडकं लागलं. तोंडावर झाकण, आत घट्ट माती, पोटावर लाल रंगाची बोटं ओढलेली. भाकरी घेऊन आलेल्या काकूंनी पाटी खाली ठेवली आणि त्या तिथंच बसल्या.

काकूंचं पहिलं बाळ अकरा दिवसांचं होऊन गेलं होतं. आमच्याकडं एवढ्या लेकराला अग्नी देत नाहीत. मडक्यात ठेवून शेतात पुरतात, आणि आईनं तिकडं जायचं नसतं. जागा माहीत असलेली माणसं दोनच. त्यातले आजोबा वारले होते, आणि काकांना ‘बांधाजवळ’ एवढंच आठवत होतं. मधल्या दुष्काळी कामांत बांधच सरकला होता.

“आमच्या बापानं शेंदराची बोटं वढल्ती मडक्यावर,” काका म्हणाले. “पर पांढरीतल्या मडक्यांला बी रंग असतोच की.”

काकूंनी कुणाला आतली माती काढू दिली नाही. “जुन्या लोकायचं असंल तर तुझ्या सरला दे. माझं असंल तर हितंच राहील. पर मला बराबर कळाया पायजे.”

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे न कळणारं जगात फार काही उरलं नव्हतं. म्हणालो, “काकू, शेंदरात शिसं असतं, जुन्या लोकांच्या मडक्यांवरच्या गेरूत लोखंड. नखाएवढा रंग खरडून द्या, मी सांगतो.”

“दे त्याला,” काका म्हणाले. “तीन वर्सं काचंच्या नळ्या फोडून राह्यला, एखांदी कामाला येऊ दे.”

काकूंनी स्वतःच्या हातानं रंग खरडला आणि कागदाच्या पुडीत दिला. मडकं घरी नेऊन धुतलेल्या लुगड्यात बांधून ठेवलं.

कॉलेजात अर्धी पूड आम्लात टाकली, लोखंडासाठीचं द्रावण थेंबभर सोडलं आणि नळीत गर्द निळा रंग उतरला. लोखंड. म्हणजे गेरू. शिशाची चाचणी करायचं सुचलंच नाही, इतका मी खूश होतो. इतिहासाच्या सरांना येत्या रविवारचं निमंत्रण दिलं आणि संध्याकाळच्या एसटीनं गाव गाठलं.

“जुनं हाये, काकू. शेंदूर न्हाई.”

त्यांनी लुगड्याच्या गाठीवर हात ठेवला. “मंग माझं लेकरू आजून सापडलं न्हाई म्हन,” एवढंच बोलल्या आणि चुलीकडं गेल्या.

शनिवारी मी हा पराक्रम रसायनाच्या सरांना ऐकवला. त्यांनी शांतपणे विचारलं, “नुसती माती घालून पाहिलीत का?”

जालन्यात मस्तगडातल्या माझ्या खोलीवर एक फुटका माठ होता. त्याची भुकटी आणली. निळी. प्रयोगशाळेच्या पायरीची वीट खरडली. तीही निळी. लोखंड मातीतच होतं, आणि रंगासोबत मडक्याची मातीही खरडली गेली होती. सर हसले असते तर बरं झालं असतं.

उरलेली पूड त्यांनी माझ्याकडून पातळ आम्लात भिजवून घेतली, गाळली आणि शिशाची चाचणी लावली. नळीत पिवळा साका बसला. गरम पाण्यात तो विरघळला आणि थंड होताना सोनेरी चकत्या होऊन खाली उतरू लागला. शिसं. इतकं सुंदर काही मी त्या प्रयोगशाळेत पाहिलं नव्हतं, आणि उद्या इतिहासाचे सर मडकं न्यायला येणार होते.

रविवारी पहिल्या एसटीनं गेलो. इतिहासाचे सर यायचे होते. मडकं ओट्यावर तयार ठेवलेलं.

“काकू, मी चुकलो. शेंदूर हाये.”

“आता बराबर हाये का आजून चुकशील?”

“बराबर हाये.”

त्यांनी मडकं कडेवर घेतलं. काका म्हणाले, “बायांनी न्हाई जायाचं.” काकू थांबल्या नाहीत. चारीत उतरून त्यांनी ते जिथून निघालं तिथं ठेवलं आणि हातांनी माती लोटली. आम्ही फावडी घेऊन नुसते उभे होतो. दुपारी सर आले, त्यांना मी अडखळत सगळं सांगितलं. त्यांनी टोपी काढली आणि चहा घेऊन परत गेले.

पुढं मीच रसायन शिकवायला लागलो. शिशाचा लाल रंग माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, हे तेव्हा वाचनात आलं. पांढरीतल्या कुणीही ती बोटं ओढलेली असू शकतात. ‘बराबर हाये’ म्हणण्याइतकं माझ्या नळीत काही नव्हतं. एकदा शेतात काकूंना हे सांगायचं ठरवून गेलो. मडकं पुरलेल्या जागेवरचं तण त्या उपटत होत्या. मला म्हणाल्या, “उभा काय राह्यला, त्या अंगचं उपट.”

मी खाली बसलो आणि उपटायला लागलो.