पॅरिसपर्यंत कुणी जागं राहत नाही

आमच्या इस्पितळातल्या भूलतज्ज्ञांचं बोलणं शेवटपर्यंत जागेपणी ऐकलेला माणूस उभ्या आयर्लंडमध्ये सापडणार नाही, असं मी अगदी परवापरवापर्यंत पैजेवर सांगत असे. विषय कायम एकच: मध्ययुगातले, पांढऱ्या अंगरख्यावर काळा झगा घालणारे, भिक्षा मागत धर्म सांगणारे कॅथलिक साधू. नाशिकच्या माणसाला हे खूळ कुठून लागलं, हे विचारायची सोय नाही. विचारलं की संध्याकाळ गेली. भूल देताना ते पेशंटला आकडे मोजायला लावत नाहीत. "दक्षिण फ्रान्समध्ये एक स्पॅनिश पाद्री होता..." अशी सुरुवात करतात, आणि त्याचे चेले पॅरिसला पोहोचायच्या आत पेशंट गाढ. शुद्धीवरच्यांवरही परिणाम साधारण तोच. आमच्या गणेशोत्सवात त्यांना 'दोन शब्द' बोलायला मीच सांगितलं. अशी अक्कल मलाच सुचते. मोदक गार झाले, मंडळी पेंगली, साधू अजून आल्प्स ओलांडतच होते. इथल्या स्लायगो गावच्या पडक्या मठात त्यांनी माझ्या सासऱ्यांना भर पावसात उभं करून सांगितलं, "जुने साधू मठात बसून शेती करायचे. हे गावात घुसले, दारोदार माधुकरी मागितली, म्हणून पसरले!" सासरे म्हणाले, "पसरले ते बरंच झालं. आता आपण आवरू." या पंथाचा एक नियम मात्र भूलतज्ज्ञ स्वतः पाळतात: दर रविवारी ऐन जेवायच्या वेळी आमचं दार वाजवतात.

त्यांची इच्छा एवढीच, की ही कहाणी कुणीतरी एकदा तरी शेवटपर्यंत ऐकावी.

अशात माझ्याकडे खुब्याच्या ऑपरेशनला एक म्हातारे आले. शेजारच्या गावातल्या मठातले, त्याच काळ्या झग्याचे. हे मला ठाऊक. भूलतज्ज्ञांना नाही, कारण त्यांनी फक्त दात आणि ॲलर्जी विचारलेली. मी मुद्दाम बोललो नाही. म्हटलं, गंमत येईल. भूल कमरेखालची, पेशंट टक्क जागा. पडद्याच्या या बाजूला माझा हातोडा, त्या बाजूला दक्षिण फ्रान्स.

शेवटी मलाच दया आली. पडद्यावरून म्हाताऱ्यांना विचारलं, "झोपेचं औषध द्यायला सांगू का थोडं?"

"नको, नको. ग्रँड चाललंय," म्हातारे म्हणाले. "मग?"

'मग?' हा प्रश्न भूलतज्ज्ञांना आयुष्यात प्रथमच कुणी विचारला असेल. पॅरिस झालं, इटलीतलं बोलोन्या झालं, बोट आयर्लंडला लागली, इंग्लंडच्या राजाने मठ बंद पाडले, साधू लपले, परत आले. मी टाके घालत होतो. "आणि आता सगळं आटोपलं!" भूलतज्ज्ञ रंगात आले होते. "मठामठात चार-चार म्हातारे. कुलूप लावलं की संपली गोष्ट!"

"चार नाही," म्हातारे शांतपणे म्हणाले. "आम्ही तिघंच आहोत. आमचं कुलूप या महिन्यात लागतंय."

भूलतज्ज्ञ उगाचच मॉनिटरची बटणं दाबू लागले.

"छान सांगतोस, डॉक्टर. फक्त शेवटाची घाई केलीस," म्हातारे म्हणाले. "ती बोट किनाऱ्याला लागते ना, ते परत सांग बघू."

मठ बंद झाला. म्हाताऱ्यांना डब्लिनला नेलं. गेल्या रविवारी आमच्याकडे वरणभात कालवता कालवता भूलतज्ज्ञ माझ्या लेकीला कहाणी सांगत होते. बोट किनाऱ्याला लागली आणि ते थांबले. मी वाट पाहिली. ना पुढचा राजा आला, ना कुलूप.

"अँड देन, काका?" लेकीने आयरिश हेल काढून विचारलं.

"मग त्यांनी एका घराचं दार वाजवलं."

"अँड?"

"उघडलं की कुणीतरी," ते म्हणाले आणि भातासाठी ताट पुढे केलं.