उताऱ्यावरचं बी.ए.

पाथर्डी फाट्याजवळच्या त्या बिल्डरच्या ऑफिसात बसल्याबरोबर चहा, बिस्किटं आणि पाण्याची सीलबंद बाटली समोर आली, तेव्हाच मला शंका आली. मी एका खासगी शाळेत लिपिक आहे. माझ्यासाठी सहसा कोणी बाटलीचं सील फोडत नाही.

"सर, नियम बदललेत," बुकिंग बघणारा माणूस म्हणाला. "पहिलं घर घेणाऱ्याला परत अनुदान सुरू झालंय. तुम्ही बरोब्बर बसता त्यात. इथं फक्त सही."

सही करायची होती ती एका प्रतिज्ञापत्रावर. माझ्या किंवा पत्नीच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नाही, असं त्यात लिहिलेलं.

"वाचून देतो."

"अहो सर, सरकारसुद्धा वाचत नाही!"

एवढं ऐकल्यावर मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. सटाण्याच्या शाळेत आमचे गुरुजी फीमाफीचा अर्जसुद्धा आम्हाला मोठ्याने वाचायला लावत आणि मगच सही घेत. त्यांच्यामुळे मी पदवीपर्यंत पोचलो, आणि ही खोडही त्यांचीच.

बायको वैतागली. आमच्या भाड्याच्या खोलीत पाणी किती वेळ यायचं, हे घरमालकीण मोटरच्या बटणावर ठरवते. अनुदान मिळालं तरच फ्लॅटचा हप्ता आमच्या पगारात बसणार होता.

"तुम्ही देवळातला प्रसादसुद्धा वास घेऊन खाता," ती म्हणाली. "करा की सही!"

मी रविवार सोडून मुद्दाम कामाच्या दिवशी रजा टाकली आणि गावी गेलो. गावचं घर वडिलांच्या नावावर आहे, हे मला माहीत होतं. उद्या कोणी बोट दाखवू नये म्हणून ग्रामपंचायतीतून घराचा उतारा काढून आणायचा, एवढंच ठरवलं होतं.

उताऱ्यावर दोन नावं निघाली. वर वडिलांचं, खाली माझं. माझ्या नावापुढे कंसात बी.ए.

पहिला संशय काकांवर गेला. बांधावरून त्यांचं आमच्याशी जुनं वाकडं आहे. मी तरातरा घरी गेलो. वडील कांदाचाळीत कांदा निवडत होते.

"काका नई रे," ते म्हणाले. "मीच नाव लायं. तू बी.ए. व्हयना, तवय."

आमच्या घरात कुणाच्याच नावापुढे कधी अक्षरं लागली नव्हती. लोक पेढे वाटतात. वडील पंचायतीत गेले होते आणि पदवीसकट नाव लिहिल्याशिवाय तिथून उठले नव्हते. तेव्हा घर मातीचं होतं. भिंती विटांच्या करून त्यावर स्लॅब मी टाकला, नोकरी लागल्यावर, हौसेनं. म्हणजे ते पक्कंही मीच केलं होतं.

चाळीतूनच बुकिंगवाल्या माणसाला फोन लावला.

"नाव काढून टाका ना, सर. पण आजच्या तारखेनं नको, लगेच डोळ्यात येईल. मागची तारीख घाला, पंचायतीत ओळख असेलच की. कोण बघतंय?"

वडिलांनी ऐकलं. "काढी टाक," ते म्हणाले. "घर तुले नाशिकमा लागस." मग हातातला कांदा फिरवत त्यांनी विचारलं, "ते बी.ए. तेवढं ऱ्हाऊ दीतीन का पंचायतमा?"

मी उतारा घडी करून खिशात ठेवला. नाशिकला परत आल्यावर प्रतिज्ञापत्र बिनसहीचंच नेऊन त्याच्या टेबलावर ठेवलं.

"हातातलं घर घालवलंत, सर," तो म्हणाला. या वेळी पाण्याची बाटली आली नाही.

सही केली नाही ती सचोटीनं की पकडले जाण्याच्या भीतीनं, याबद्दल मला स्वतःचाही भरवसा वाटत नाही. बायको दोन दिवस धुसफुसत होती. तिसऱ्या दिवशी तिनं उतारा मागून घेतला, पुन्हा पुन्हा वाचला आणि माझं पदवीचं प्रमाणपत्र असलेल्या फायलीत लावून टाकला.

"मामंजींचं अक्षर नाही ना हे?" तिनं विचारलं.

"नाही. त्यांना लिहिता येत नाही."

तेवढ्यात मोटर बंद झाली. बादली अर्धीच भरली होती.