डोंगरावरचा ड्राइव्हवे

ट्रॉय या आमच्या बर्फाळ शहरात राहायला आल्यापासून मी बर्फ हटवत आले आहे. नवऱ्याची पाठ धरते, म्हणून घरापासून रस्त्यापर्यंतच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ढकलायचं काम पहिल्याच हिवाळ्यात माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं. त्यामुळे लेकीकडे गेले असताना कोलोरॅडोच्या त्या डोंगरगावात माणसं यंत्रं लावून बर्फ तयार करताना दिसली, तेव्हा मी लेकीला विचारलं, "म्हणजे, मुद्दाम?"

"आई, अर्ली सीझन आहे. खरा स्नो अजून पडलाच नाहीये. सो वी मेक इट."

दूरची शिखरं पांढरी होती, पण गावालगतचा डोंगर तपकिरीच. त्यावरून चुन्याचा ओघळ यावा तशी एकच पांढरी पट्टी खाली उतरत होती. बाकी सगळ्या उतारांवर वाळकं गवत. पट्टीच्या कडेला मोठाले पंखे पाण्याचा बारीक फवारा हवेत उडवत होते आणि तो जमिनीवर पोचेपर्यंत गोठत होता. मी जवळ जाऊन फवाऱ्याखाली बाही धरली. बर्फाच्या नेहमीच्या पाकळ्या नव्हत्या. जाडसर रवा होता, बोटात चोळला तर करकरणारा. पाणी कुठून आणता, वारा उलटा फिरला तर काय करता, असं मी तिथल्या माणसाला विचारत राहिले, तेव्हा लेकीने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

ती गाड्यांच्या कंपनीतली डिझाइनची नोकरी सोडून स्की शिकवायला इथे आली होती. मी "हेल्थ इन्शुरन्सचं काय?" एवढंच विचारलं होतं, तरी ती आठवडाभर फुगून होती. आता तिची परीक्षा होती. तिने नवशिक्यांचा एक वर्ग घ्यायचा, स्की शाळेचा प्रमुख तो बघणार. पसंत पडली तर हिवाळाभर काम, नाही तर सामान बांधून ट्रॉयला परत. तिने परत यावं असं मला वाटत होतं का? खरं सांगायचं तर मी ते ठरवलं नव्हतं.

इतक्या लवकर नवशिके येत नाहीत. तिला फ्लोरिडाचं एक जोडपं मिळालं होतं, तिसरं माणूस हवं होतं. मी नाव दिलं.

"पण क्लासमध्ये तू माझी आई नाहीस, ओके? तो म्हणेल, हिने घरचीच माणसं आणलीत."

"बरं, मिस."

"आई!"

"अगं, प्रॅक्टिस करतेय."

स्कीचे बूट म्हणजे प्लॅस्टिकची घट्ट पेटी. घोटा वाकतच नाही. विमानतळावर असतो तसा सरकता पट्टा आम्हाला छोट्या उताराच्या माथ्यावर घेऊन गेला. लेक स्वच्छ इंग्रजीत समजावत होती: स्कीची टोकं जवळ, टाचा लांब, वजन पुढे. टाचा जितक्या लांब, तितका वेग कमी. पांढऱ्या मिशांचा प्रमुख हात बांधून कडेला उभा होता.

फ्लोरिडाचा नवरा पडत पडत उतरला, बायको किंचाळत उतरली. मग मी निघाले. स्की सुटल्या, तशी मी घाबरले आणि घाबरल्यावर आपलं माणूस करतं ते केलं. खाली उकिडवी बसले. भाजी निवडायला बसावं तशी. जमीन जवळ आली की धीर येतो, हा आयुष्यभराचा अनुभव.

डोंगराला तो मान्य नव्हता. घोटे वाकेनात, बसकण मागे गेली, स्कीची टोकं हलकी झाली आणि मी बसल्या बसल्या सुसाट सुटले. समोर नारिंगी जाळी, जाळीपाशी फ्लोरिडाचं जोडपं.

"मॅम, स्टँड अप! हँड्स फॉरवर्ड!" लेक मागून ओरडली. ऐकू आलं, कळलंही. पण अंग हलेना.

"आई! ऊठ! ड्राइव्हवे! फावडं ढकल!"

आणि मी उठले. हात आपोआप पुढे आले, गुडघे वाकले, नडग्या बुटावर रेटल्या. ओल्या जड बर्फासमोर मी दरवर्षी उभी राहते तशी. टाचा फाकल्या, स्की करकरल्या. जाळीच्या अलीकडे मी थांबले. फ्लोरिडावाल्याने टाळ्या वाजवल्या.

प्रमुख खाली आला. "तू त्यांच्याशी तुमच्या भाषेत बोललीस. या तुझ्या आई?" लेकीचा चेहरा उतरला होता.

"हो," मीच म्हटलं. "वर्गात माणूस कमी पडत होतं, म्हणून आले. शिकायला मात्र खरंच आलेय. स्की मी जन्मात पायाला लावली नव्हती."

"ते दिसलंच," तो म्हणाला. मग लेकीकडे वळला. "त्यांना काय ओरडलीस?"

तिने ड्राइव्हवे सांगितला, फावडं सांगितलं. लहान असताना ती घरातल्या खिडकीतून मला बघत बसायची, हेही सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं.

"यांना पुन्हा वर पाठव," तो म्हणाला. "आणि तू एक शब्दही बोलायचा नाहीस."

मी वर गेले. नसलेलं फावडं धरलं आणि ढकलत खाली आले. हळू, वाकडीतिकडी, पण उभी. मजा आली, हे नमूद करते. प्रमुखाने लेकीला सांगितलं, उद्या सकाळी गणवेश घेऊन जा. पुढच्या वेळी नातं आधी सांगायचं, हेही बजावलं. मग मी त्याला पंख्यांचं पाणी कुठून येतं ते विचारलं. वरच्या तळ्यातून येतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "इकडे बर्फ पडलाय. ड्राइव्हवे भरलाय. कधी येताय दोघी?"

"मी परवा येतेय. एकटीच."

 "बरं. मग तोवर..."

"फावडं गराजच्या मागच्या भिंतीला आहे," मी म्हटलं. "पाठ वाकवू नको. नडग्या पुढे रेट."