तोंड बांधलेली दुपार

ही गोष्ट मी कुणाजवळ बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, आणि डॉक्टरला तर खोटंच सांगितलं. आता पन्नाशी उलटली. आमच्यासारखी नवराबायको आणखीही असतील, आणि त्यांनाही सांगणारं कुणी नसेल, म्हणून लिहिते.

माझ्या नवऱ्याला बांधून घ्यायला आवडायचं. लिहिलं एकदाचं.

मुलगा शिकायला नागपूरला गेला, त्यानंतर कधीतरी मटार सोलता सोलता ते हे बोलले. "हासजो नको," म्हणाले. मी हसले नाही, घाबरले. माझंच काही चुकलं का, असं वाटलं. ते म्हणाले, "तसं नाही वं. दिवसभर हापिसात ह्याले हौ म्हन, त्याले नाही म्हन. डोकं भनभनते. कोनी तरी मले गप बसवलं पाहिजे." मी जुन्या सुती ओढणीने त्यांचे हात बांधले, सैलसेच. आणि खरं सांगायचं तर मलाही आवडलं. अख्ख्या घराने मला आयुष्यभर हे कर, ते कर म्हटलेलं. इथे कुणीतरी माझ्या शब्दाची वाट पाहत पडून होतं.

तोंड बांधणं नंतर आलं. सासूबाईंच्या खोलीची भिंत आमच्या भिंतीला लागून, आवाज जायचा. पण ते फक्त कारण झालं, त्यांना ते हवंच होतं. तोंडात रुमाल, वरून ओढणी. आम्ही स्वतःला फार शहाणे समजत होतो. बोलता येणार नाही म्हणून त्यांच्या हातात स्टीलची पळी द्यायची. जीव घाबरला की त्यांनी ती फरशीवर टाकायची, मी लगेच सोडायचं. पळी आहे म्हणजे झालं, असं वाटायचं. पळीचा आवाज ऐकणारं माणूस त्याच खोलीत लागतं, हे आम्ही कधी मोठ्याने बोललोच नाही. त्यात बोलायचं काय, असं वाटलं असेल.

संक्रांतीनंतरचा आठवडा होता, सुटीचा दिवस. सासूबाई नणंदेकडे परसवाड्याला गेलेल्या. थंडीने ह्यांचं नाक चोंदलेलं. मी म्हटलं, आज राहू द्या. "चालते वं," म्हणाले. रुमाल घातला, ओढणीची गाठ मारली, हात पाठीमागे बांधले, पळी दिली. आणि दारावर थाप पडली.

"अवं बाई, हाय ना घरात? दिवसाढवळ्या दार काहून लावून ठेवलं?"

शेजारच्या काकू. हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन आलेल्या. आमच्याकडे हे बोलावणं फोनवर होत नाही. बाई करंडा घेऊन स्वतः येते, आणि आलेल्या सवाष्णीला कुंकू लावल्याशिवाय, हातावर तिळगूळ ठेवल्याशिवाय उंबऱ्यावरून परत पाठवत नाहीत. ते मला लहानपणापासून इतकं भिनलेलं की दुसरं काही सुचलंच नाही. दार न उघडणं शक्य होतं. झोपले होते, असं दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं.

मी ह्यांच्या कानाशी वाकले. "काकू आल्या. दोन मिनिटं, आलेच." त्यांनी जोराने मान हलवली. मला वाटलं, काकूंना आत येऊ देऊ नको म्हणतायत. मी खोलीचं दार ओढून घेतलं.

काकू खुर्चीवर ऐसपैस बसल्या.

"मालक कुठं गेले?"

"बाहेर गेले."

"गाडी तं अंगनात उभी हाय."

"पायी गेले."

"पायी? तुमचे मालक?" काकू हसल्या. "ते तं पानठेल्यावर जायले बी गाडी काढतेत!"

मी हळद लावली, कुंकू लावलं. त्यांच्या कपाळावर कुंकू वाकडं लागलं. त्यांनी मला लावलं. मी तिळगुळाची वडी हातावर ठेवली आणि त्या चावत, चवीने, कुणाकुणाला बोलावलंय ते सांगू लागल्या.

तेव्हा आतून खण्णकन आवाज आला.

"काय पडलं वो?"

"मांजर असन," मी म्हटलं.

"मांजर पाललं काय? कवा?"

"नाही, येते कधी कधी."

तो आवाज कशाचा, हे मला माहीत होतं. मी ऐकला, समजले आणि बसून राहिले. उठून आत धावले असते तर काकू मागोमाग आल्या असत्या. त्यांनी काय पाहिलं असतं आणि संध्याकाळपर्यंत ते कुठवर गेलं असतं, तेच माझ्या डोक्यात होतं. नवऱ्याचा जीव एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला काकूंची जीभ. मी काकूंना निरोप देईपर्यंत थांबले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. वडी पूर्ण खाऊन झाली होती.

आत गेले तेव्हा ते कुशीवर पडून अंगाची कमान करत होते. चेहरा जांभळट, डोळे बाहेर आल्यासारखे. नाकातून सुर्र सुर्र असा ओला आवाज, आणि मध्येच तोही बंद. मी गाठीला नखं लावली. ओढणी लाळेने भिजली होती, ओलं सूत आवळून दगड झालं होतं. कात्री बाहेर, शिलाई मशीनच्या खणात. ती आणायला जायची माझी हिंमत झाली नाही. दातांनी गाठ ओढली. सुटली. रुमाल लाळ पिऊन फुगला होता आणि घशाकडे सरकला होता. दोन बोटं आत घालून ओढला तर त्याच्यासोबत तपकिरी पाणी आणि सुपारीचे तुकडे.

खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना. मी सोडायला लावला होता, आणि ते रोज हापिसातून बैहरच्या बसने येताना वाटेत उकव्याला उतरून खात होते. त्या दुपारी मला वास येऊ नये म्हणून गालात दाबून ठेवला होता, आणि मी वर रुमाल कोंबला होता.

ते खोकले, ओकले, आणि मग श्वास आत गेला. तसा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. ऐकायचाही नाही.

दवाखान्यात सांगितलं, सुपारी अडकली. डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं तर दोन बोटांपलीकडे उघडेना. खर्ऱ्याने जबडा आखडलेला. असल्या तोंडात काही अडकलं तर निघणार कसं, म्हणाले. मी खाली बघत होते.

घरी आल्यावर ह्यांनी एकदाच विचारलं. "पळी पाडली होती म्या. आवाज नाही आला काय तुले?"

"नाही," मी म्हटलं. "काकू किती बोलतेत, माहीत हाय ना तुमाले."

ते तोंड धुवायला गेले.

त्यानंतर बाथरूमचं दार जरा जास्त वेळ बंद राहिलं की मी हाक मारायची. वर्तमानपत्र वाचताना ते गप्प झाले तरी मी वाकून बघायची. पुढे काही वाचलं, बरंच स्वतःच्या चुकीतून कळलं. नाक चोंदलेलं असेल तर तोंडाला हात लावायचा नाही. तोंडात काही आहे का, हे विचारून भागत नाही, बघावं लागतं. कापड कोंबणं सगळ्यात वाईट, ते भिजतं, फुगतं, मागे जातं. उलटी आली तर जायला वाट नसते. कात्री हाताशी हवी. आणि बांधलेल्या माणसाजवळून उठायचं नाही. दारात कुणीही येऊ दे. हे सगळं पाळलं तरी धोका उरतोच, म्हणून आम्ही तोंड बांधणं सोडलं.

बरेच महिने गेल्यावर ते म्हणाले, "हातच बांध फक्त." मी बांधले. ते सारखं बोलत राहिले, हापिसातलं, पिठाच्या गिरणीतलं, कसलंही. मला वाटलं, डॉक्टरांनी जबडा हलता ठेवायला सांगितलं होतं, तेच मनावर घेतलंय.

खरं मी त्यांना गेल्या वर्षी सांगितलं. दुपारी ओसरीवर बसलो होतो. म्हटलं, "त्या दिवशी मी पळीचा आवाज ऐकला होता."

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "मांजर म्हनली तू. भिंतीतून सारं ऐकू येते. मले वाटलं, आता काकू चहा पेऊनच जातीन."

ते हसले. मला हसू आलं नाही.

"मग पुन्हा बांधू कसं देल्लं तुमी मले?"

"हात बांधू देल्ले ना," ते म्हणाले. "तोंड कुठं देल्लं?"